सारांशाचा सुळसुळाट

गेल्या पौषात, निवृत्तिनाथांच्या यात्रेची गर्दी ओसरल्यावर, आम्ही सहकुटुंब त्र्यंबकेश्वरी गेलो होतो. कुशावर्तातील स्नान, देवदर्शन, नाथांच्या समाधीचे दर्शन हे सर्व यथासांग झाल्यावर आमच्या घराण्याच्या तीर्थोपाध्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो. ज्या वाचकांचे अशा क्षेत्री जाणे-येणे आहे त्यांस सांगावयास नकोच, की ह्या उपाध्यांच्या घरी यजमानांच्या नामावळीच्या वह्या पिढ्यान् पिढ्या जतन केलेल्या असतात. कोण आला, कोणाचा मुलगा, कोणाचा नातू, कोणत्या गावचा, सोबत कोण, कशासाठी आला, एवढे त्यांत लिहिलेले असते. गुरुजींनी फडक्यात बांधलेली वही सोडली व मोडीतील नोंदी एकामागून एक वाचून दाखविल्या. आमचा नातू त्या आपल्या फोनमध्ये टिपून घेत होता. पाऊण तास गेला. वाचन संपताच नातू म्हणाला, "आजोबा, एवढं सगळं घरी कोण वाचत बसणार? मी समराइझ करून सगळ्यांना पाठवून देतो." आणि आम्ही हो किंवा नाही म्हणण्यापूर्वीच त्याच्या फोनातील यंत्राने ते काम उरकूनही टाकले.

पाच ओळी तयार झाल्या. मूळ गाव अमुक, पाच पिढ्यांचे येणे-जाणे, प्रयोजन बहुधा श्राद्ध व गोदास्नान, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कुटुंबातील एक महिला मुलांसह काही वेळा आल्याची नोंद, आणि नंतर आजपर्यंतची परंपरा. ह्या पाच ओळींत एकही शब्द खोटा नव्हता, हे आम्ही आरंभीच मान्य करितो. आमची तक्रार त्यामुळेच अधिक गंभीर आहे.

कारण मूळ वहीत काय होते ते पाहावे. शके १८१९ मध्ये आमच्या आजोबांची आत्या, माहेरी राहणारी एक विधवा, दोन लहान भाचे घेऊन आली व तिने दोघांची नावे लिहविली. मुंबई इलाख्यात १८९६ साली प्लेग शिरला होता, आणि त्या पोरांचे आईबाप प्लेगाने नेले, एवढे आमच्या घरी ऐकून ठाऊक होते. शके १८२० मध्ये तीच बाई, तेच दोन भाचे, तीच नोंद. शके १८२१ मध्ये तीच बाई. पण ह्या खेपेस भाचा एकच. थोरल्याचे नाव नाही. राहिलेला धाकटा म्हणजे आमचे आजोबा. त्यांस एक वडील भाऊ होता, ही गोष्ट आम्हांस आयुष्याच्या उतारावर त्या ओसरीवर प्रथम कळली. आजोबा ह्याविषयी कधी बोलले नाहीत, आणि त्या आत्याबाईचे नाव तर आमच्या घरच्या वंशवृक्षात कोठेच नाही, कारण वंशवृक्षात लेकी लिहीत नाहीत. ज्या बाईने आमचे घराणे बुडू दिले नाही, तिचा पुरावा जगात त्या तीन ओळींखेरीज दुसरा नाही. यंत्राने त्यांचे 'काही वेळा' असे दोन शब्द केले.

नातू गुणी आहे व त्याचा हेतू चांगला होता. त्यास दोष देण्यासाठी आम्ही लेखणी हाती घेतलेली नाही. आमचे भांडण त्याच्या तोंडी आलेल्या क्रियापदाशी, आणि ते क्रियापद आज ज्या निष्काळजीपणाने घरोघरी वापरले जाते त्याच्याशी आहे. शाळेतील धडा असो, सरकारी अहवाल असो, वैद्याचा कागद असो, मित्राचे चार पानी पत्र असो; 'समराइझ कर' एवढे म्हटले की वाचण्याचे कर्तव्य संपले, अशी समजूत सुशिक्षित कुटुंबांत रूढ होत चालली आहे. ह्या शब्दाचा खरा अर्थ काय, तो कोठे लागू पडतो व कोठे पडत नाही, ह्याचा एकदा झाडा घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम व्युत्पत्ती. 'समराइझ' हे इंग्रजी क्रियापद 'समरी' ह्या नामापासून, आणि ते लॅटिन 'सुम्मा' ह्या शब्दापासून आले. 'सुम्मा' म्हणजे सर्वांत वरची. रोमन लोक आकड्यांची चळत खालून वर मोजीत जात व एकूण रक्कम सर्वांच्या माथ्यावर मांडीत. म्हणून बेरजेस हे नाव पडले. तेव्हा हा शब्द जन्माने हिशेबनिसाचा आहे. माथ्यावरची रकम खालच्या चळतीच्या आधारावर उभी असते; चळत पुसून टाकली तर उरते ती बेरीज म्हणता येत नाही, तो नुसता कोणाचा तरी दावा होतो.

आमच्याकडे दप्तरातून रूढ झालेला 'गोषवारा' हा शब्दही हिशेबाचाच. तो फारशी असून त्या भाषेत त्याचा एक अर्थ कानातले भूषण असा आहे. कान जागेवर असेल तरच डूल शोभतो. जुन्या कारकुनाने वर्षाचा गोषवारा लिहिला तर त्याच्यामागे रोजकीर्द व खतावणी उभी असे. धन्याला एखाद्या रकमेचा संशय आला तर तो बोट ठेवी, आणि कारकुनास त्या तारखेचे पान उघडून दाखवावे लागे. न दाखविता आले तर नोकरी जाई. गोषवाऱ्याचे सर्व मोल त्या धाकात होते.

दुसरी गोष्ट ह्या क्रियापदाच्या वापराची. इंग्रजीत ते सकर्मक असून त्याचे कर्म म्हणजे मूळ मजकूर: भाषण, निबंध, साक्ष, अहवाल. त्या मजकुरातील मुख्य मुद्दे थोड्या शब्दांत पुन्हा मांडणे एवढाच त्याचा अर्थ. मजकुराचा अर्थ फोडून सांगणे, त्यावर मत देणे, त्यातून नवा निष्कर्ष काढणे, ह्या क्रियांसाठी इंग्रजांनी दुसरी क्रियापदे ठेविली आहेत व ते ती जपून वापरितात. आमच्याकडे मात्र समजावून हवे असले तरी 'समराइझ', मत हवे असले तरी 'समराइझ', आणि नुसता कंटाळा आला असला तरीही 'समराइझ'! परक्याच्या घरचे हत्यार आणावे आणि त्यानेच भाजी चिरावी, लाकूड फोडावे व दाढीही करावी, अशातला हा प्रकार आहे.

बरे, मराठीत शब्दांचा दुष्काळ होता म्हणून हे करावे लागले म्हणावे, तर तसेही नाही. 'संक्षेप' म्हणजे एकत्र टाकणे, आवरून घेणे; त्यात शब्द कमी होतात, वस्तू तीच राहते. 'सारांश' म्हणजे साराचा अंश. त्यात निवड आली, आणि निवड आली तेथे निवडणारा आला. 'तात्पर्य' म्हणजे बोलणाऱ्याचा रोख कोणीकडे आहे ते. गोष्ट सांगून झाल्यावर ते सांगावयाचे असते. 'मथितार्थ' म्हणजे घुसळून काढलेला अर्थ. ज्याने रवी धरली नाही त्यास लोणी दिसावयाचे नाही. आणि ह्या सर्वांहून साधे, बायकामुलांच्या तोंडचे 'थोडक्यात सांग' हे तर आहेच. त्यात एक सांगणारा आहे, एक ऐकणारा आहे, आणि ऐकणाऱ्यास मध्येच 'पण त्या पोराचे पुढे काय झाले?' असे विचारण्याची मुभा आहे. 'समराइझ' म्हणताच सांगणाराही जातो व ऐकणाराही जातो. मजकूर एका तोंडाने आत शिरतो व दुसऱ्या तोंडाने आखडून बाहेर पडतो.

ह्या शब्दाच्या घराण्याशी मराठी माणसाची पहिली गाठ मात्र शाळेत पडली नाही, पोलिसचौकीत पडली, हे येथे सांगणे अवश्य आहे. 'समरी' हा शब्द आमच्या वर्तमानपत्रांत फार दिवसांपासून रुळलेला आहे. महाराष्ट्रात तपास करून खटला न भरता फिर्याद मिटवावयाची असली म्हणजे पोलिस 'ए', 'बी' अथवा 'सी' समरी मागतात. गुन्हा खरा पण गुन्हेगार सापडत नाही ती ए. फिर्याद द्वेषाने केलेली व खोटी ती बी. खरीही नव्हे व खोटीही नव्हे, गैरसमजाने झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची ती सी. एखाद्या गरीब बाईची फिर्याद, तिचे रडणे, तिच्या साक्षी, पंचनामे, ह्या सर्वांची अखेर एका अक्षरात होते. परंतु कायदा एवढ्यावर थांबत नाही. फिर्याद मिटविण्याचे न्यायाधीशाच्या मनात असेल तर त्याने प्रथम फिर्यादीस नोटीस द्यावी व तिचे म्हणणे ऐकावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली ठरवून दिले. म्हणजे, जिची हकीकत आखडली गेली तिला विचारल्यावाचून तो संक्षेप पक्का होत नाही.

संक्षिप्त खटल्यांची गोष्टही अशीच बोधप्रद आहे. लहानसहान अपराधांचा न्याय लवकर व्हावा म्हणून न्यायाधीशास साक्षी शब्दशः न उतरविता त्यांचा मतलब तेवढा लिहून घेता येतो. परंतु अशा खटल्यात तीन महिन्यांहून अधिक कैद देता येत नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही मर्यादा होती, व तिच्या जागी आलेल्या २०२३ च्या संहितेतही ती कायम आहे. ह्यात कायदा करणाऱ्यांचे शहाणपण आहे. जेथे नोंद आखडली तेथे तीवरून करावयाच्या निर्णयाचा अधिकारही आखडला पाहिजे, हे त्यांनी ओळखले. आम्ही मात्र पाच ओळींवरून पुस्तक वाईट ठरवितो, माणूस खोटा ठरवितो, मृत्युपत्रावर सही करितो आणि वैद्याचा उपचार बदलतो. येथे तीन महिन्यांची मर्यादा कोणी घालावी?

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू. ते दुबळे आहे असे आम्ही मानीत नाही. कोणी म्हणेल, "संक्षेपाची निंदा करणारे तुम्ही कोण? तुमच्या पूर्वजांनी सूत्रे रचली. अठरा हजार श्लोकांच्या भागवताचे मर्म चार श्लोकांत आहे म्हणून चतुःश्लोकीचा पाठ करणारे तुम्हीच. ज्या त्र्यंबकेश्वराहून तुम्ही आलात तेथे ब्रह्मगिरीपासून राजमहेंद्रीपलीकडे समुद्रापर्यंत १,४६५ किलोमीटर वाहणारी गोदावरी एका दगडी कुंडात अडवून, त्यात बुडी मारली की गोदास्नान घडले असे तुम्ही मानता. मग आमच्या पाच ओळींनीच काय पाप केले?"

ह्यास उत्तर त्र्यंबकेश्वरातच आहे. संतचरित्रांची परंपरा अशी, की जनार्दनस्वामी नाथांस घेऊन तीर्थयात्रेस निघाले असता ह्याच क्षेत्री चतुःश्लोकी भागवताचे निरूपण त्यांच्या कानी पडले, आणि स्वामींनी एकनाथांस त्यावर प्राकृतात टीका करण्याची आज्ञा केली. द्वितीय स्कंधाच्या नवव्या अध्यायातील ते चार श्लोक. नाथांनी त्यांवर किती ओव्या लिहाव्या? हजारांहून अधिक! पुढे शके १४९५ मध्ये काशीस पुऱ्या केलेल्या एकनाथी भागवतात एका एकादश स्कंधासाठी त्यांनी अठरा हजारांवर ओव्या खर्ची घातल्या. म्हणजे जगातील एक अत्यंत आटोपशीर ग्रंथभाग हाती आला असता आमच्या ह्या महाकवीने त्याचे काय केले, तर तो उकलला. कारण ज्यांच्यासाठी लिहावयाचे ते संस्कृत न जाणणारे लोक होते, आणि चार श्लोक त्यांस देणे म्हणजे कुलूप देऊन किल्ली ठेवून घेणे होते.

शिवाय चतुःश्लोकी हे मागाहून काढलेले सार नव्हेच. भागवताच्या सांगण्याप्रमाणे भगवंताने ब्रह्मदेवास उपदेश केला, ब्रह्मदेवाने नारदास व नारदाने व्यासांस; मग ग्रंथ विस्तारला. चार श्लोक आधीचे, अठरा हजार नंतरचे. ते बीज आहे. गंगाद्वारापाशी दिसणारी बारीकशी धार ही समुद्रास मिळणाऱ्या गोदेचा संक्षेप आहे असे कोणी म्हणत नाही. ती उगम आहे. आणि कुशावर्तात स्नान करून वर येणारा भाविक पुण्य जोडल्याचे समाधान मानील, पण आपण पैठण पाहिले, नांदेड पाहिले, असे कधी सांगणार नाही. पाच ओळी वाचून उठणारा मात्र 'मी ते वाचले आहे' असे बेधडक सांगतो. कुशावर्तावर घेतलेला आक्षेप म्हणून आम्हांस लागू पडत नाही.

ह्याहूनही मोठा दाखला त्याच क्षेत्री समाधिस्थ असलेल्या निवृत्तिनाथांचा आहे. त्यांच्या आज्ञेने ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये गीतेच्या सातशे श्लोकांवर नऊ हजारांवर ओव्या सांगितल्या. आणि परंपरेप्रमाणे त्यांच्याच आज्ञेने, चांगदेवांकडून कोरा कागद आला तेव्हा, उत्तरादाखल अवघ्या पासष्ट ओव्या लिहिल्या. गुरू एक, शिष्य एक. मग एका ठिकाणी नऊ हजार व दुसऱ्या ठिकाणी पासष्ट, असे का? कारण चांगदेव हा योगात मुरलेला जाणता पुरुष होता. त्यास खूण पुरे होती. नेवाशाच्या श्रोत्यांस खूण पुरणारी नव्हती. त्यांस दृष्टांत हवे होते, पुनरुक्ती हवी होती, हात धरून चालविणारा कोणी हवा होता. संक्षेप जाणत्यासाठी व विस्तार नेणत्यासाठी, हा विवेक निवृत्तिनाथांच्या आज्ञेत आहे, आणि आमच्या सर्व प्रतिपादनाचे मूळ आम्ही तेथे ठेवितो. आजचा व्यवहार नेमका उलटा आहे. ज्यास विषयाचा गंध नाही त्याच्याच हातावर आम्ही पाच ओळी ठेवितो आणि 'सामान्य माणसास एवढे बस' असे म्हणतो. सामान्य माणसाचा असा उपमर्द ज्ञानदेवांनी केला नाही व एकनाथांनीही केला नाही. मुरलेल्या वकिलास खटल्याचे एक पानी टिपण पुरते, कारण उरलेली नव्याण्णव पाने त्याच्या डोक्यात असतात. पक्षकारास तेच पान दिले तर त्यास आपण हरलो की जिंकलो एवढेच कळते. का, ते कळत नाही.

आता यंत्र ज्या रीतीने संक्षेप करिते तिचे एक मुख्य व्यंग सांगतो. त्याच्या आणि उतावळ्या माणसाच्या हातून पहिली कात्री लागते ती पुनरुक्तीवर. एकदा सांगितलेले पुन्हा सांगितले म्हणजे ते फुकट, असा ह्या उभयतांचा सिद्धांत. परंतु ग्रंथाचे तात्पर्य कसे ठरवावे ह्याविषयी आमच्या मीमांसकांनी जे नियम घालून दिले आहेत त्यांत उपक्रम व उपसंहार, अपूर्वता, फल, अर्थवाद, उपपत्ती ह्यांच्याबरोबर 'अभ्यास' मोजलेला आहे. आणि अभ्यास म्हणजे तीच गोष्ट पुनःपुन्हा सांगणे. ग्रंथकार जे वारंवार म्हणतो तिकडे त्याचा रोख आहे असे समजावे, हा तो नियम. लोकमान्यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्याच्या आरंभीच हे नियम मांडून त्यांच्या कसोटीवर गीतेचे तात्पर्य शोधिले. तेही नाना आचार्यांनी त्याच सातशे श्लोकांतून नाना तात्पर्ये काढून ठेविली असताना. सातशे श्लोकांचे तात्पर्य ठरविण्यास ज्यांनी शेकडो पाने घेतली त्यांस कोणी पाल्हाळिक म्हणत नाही. आमच्या आत्याबाईने तीन वर्षे तीच नोंद लिहविली. त्या अभ्यासातच तिचे सर्व तात्पर्य होते, आणि तिसऱ्या खेपेस गळालेल्या एका नावात त्याचा उपसंहार होता. पुनरुक्ती म्हणून ज्या ओळी छाटल्या जातात त्यांत असे काय काय जात असेल, ह्याचा हिशेब कोण ठेवितो?

"पण वेळ कोठे आहे?" हा प्रतिपक्षाचा शेवटचा मोर्चा. ह्यात तथ्य आहे, आणि आम्ही ते नाकारीत नाही. हजार पानांचा अहवाल प्रत्येकाने अथपासून इतिपर्यंत वाचावा असे म्हणणे वेडेपणाचे होईल. डोळे अधू झालेल्या वृद्धास, घरकाम सांभाळून शिकणाऱ्या मुलीस, परक्या भाषेतील कागद हाती पडलेल्या शेतकऱ्यास कोणी थोडक्यात मतलब सांगितला तर ते उपकारच होत. मग सांगणारा माणूस असो की यंत्र. परंतु उपकार करणाऱ्याने तीन गोष्टी पाळाव्या. एक, हे कोणी आखडले ते सांगावे. दुसरी, काय गाळले ते निदान ढोबळ मानाने कळवावे. तिसरी, मूळ हाताशी ठेवावे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा पहिला खंड काढिला तेव्हा पानिपताच्या काळाची पत्रे जशीच्या तशी छापली, आणि आपली मते प्रस्तावनेत निराळी मांडिली. त्यांची कित्येक मते पुढील संशोधकांनी खोडून काढिली. पण ती खोडण्याचे साधन राजवाड्यांनीच त्यांच्या हाती देऊन ठेविले होते. त्यांनी पत्रे ठेवून घेऊन नुसता मतलब छापला असता तर त्यांची चूक आज आमची श्रद्धा होऊन बसली असती.

ह्याचे सर्वांत वाईट पर्यवसान मुलांच्या शिक्षणात होत आहे. शाळेच्या भाषेच्या पेपरात उताऱ्याचा एक तृतीयांश सारांश लिहिण्याचा प्रश्न आमच्यापैकी पुष्कळांनी सोडविला असेल. तो प्रश्न परीक्षकास त्या उताऱ्याचे सार ठाऊक नव्हते म्हणून घातलेला नसे! मुलाने उतारा दोनदा वाचावा, कोणते वाक्य मुख्य व कोणते त्याचे पोषक हे ठरवावे, उदाहरण टाकावे की ठेवावे ह्याचा घोळ घालावा, ठेविलेले आपल्या शब्दांत मांडावे, आणि शेवटी शब्द मोजावे, ह्यासाठी तो असे. लाभ त्या घोळात होता. खाली उतरलेल्या ओळी हा त्या लाभाचा केवळ पुरावा. आता मूल उतारा यंत्रास देते व पुरावा तेवढा आणून दाखविते. तालमीत गड्याने जाऊन जोर काढावे आणि घाम मुलाच्या अंगावर शिंपडावा, तसा हा व्यायाम आहे. घरातील वडील माणसांसही हे गोड वाटते, कारण गुण चांगले मिळतात. परंतु ज्याने लहानपणी काय टाकावे व काय ठेवावे हे स्वतः ठरविले नाही, तो मोठेपणी दुसऱ्याने टाकलेले ओळखणार कसे? आमच्या नातवास त्या दोन शब्दांत काही हरवले आहे अशी शंकाही आली नाही. शंका येण्यासाठी आधी मूळ ऐकावे लागते. त्याने तर ते सर्व स्वतःच्या बोटांनी लिहून घेतले होते. पण पुढे संक्षेप व्हावयाचाच आहे ह्या भरवशावर त्याने ऐकले नव्हते.

म्हणून आमचे मागणे थोडे आहे. ज्या ठिकाणी 'थोडक्यात सांग' म्हणून भागते तेथे ते म्हणावे, व सांगणाऱ्यास प्रश्न विचारावे. हिशेब, इतिवृत्त, अहवाल ह्यांचा खुशाल गोषवारा काढावा. पण त्याखाली काढणाऱ्याचे नाव असावे व मूळ कागद गहाळ होऊ नये. तात्पर्य हवे असेल तर ते स्वतः काढावे. दुसऱ्याने काढलेले तात्पर्य हे त्याचे मत असते. कविता, पत्रे, मृत्युपत्रे, साक्षी आणि वंशावळी ह्यांस ह्या क्रियापदाचा स्पर्श होऊ देऊ नये. आणि ज्याची हकीकत आपण आखडतो तो जिवंत असेल तर त्यास एकदा विचारावे. मृत असेल तर दुप्पट सावध असावे, कारण त्यास नोटीस पाठविता येत नाही.

त्र्यंबकेश्वरी त्या दिवशी पुढे काय झाले तेही सांगून हे लांबलेले लेखन आटोपतो. आम्ही गुरुजींस ती तीन पाने पुन्हा वाचावयास सांगितली, आणि नातवास फोन बाजूला ठेवून नुसते ऐकावयास सांगितले. तिसरी नोंद संपली तेव्हा तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजोबा, दुसऱ्याचं नाव का नाही?" आम्ही सांगितले. त्याने पाठवावयाच्या पाच ओळी पुसून टाकल्या व तिन्ही नोंदी जशाच्या तशा, शकासह, बाळबोधीत उतरून घरच्यांस पाठविल्या. त्याच्या आईने त्या रात्री फोन करून त्या आत्याबाईचे नाव पुन्हा नीट विचारून घेतले, व ते आमच्या वंशवृक्षात कोठे लिहावे ह्याची आता घरी चर्चा चालू आहे. जागा करावी लागेल, कारण आखणाऱ्याने लेकींसाठी रेघच ठेविली नव्हती. निघताना गुरुजींनी वही पुढे केली. आमच्या भेटीची नोंद नातवाने केली: कोण आले, कोणाचे कोण, कोणत्या गावचे, बरोबर कोण. आम्ही पाचजण होतो. त्याने पाचही नावे लिहिली.